जहाजाच्या नाकाडावरची बाल्कनी

“वैनी, बाल्कनीच पायजे. बाकी काय न्हाय.”

क्रूझचं गिऱ्हाईक आमच्या राजारामपुरीतल्या ऑफिसात येतं ते हे वाक्य तयार करूनच येतं. अजून खुर्ची ओढलेली नसते, चहा सांगितलेला नसतो, आणि बाल्कनी! ती जहाजावर कुठं असते, तिच्यातून काय दिसतं, याचा पत्ता नसतो. पण मेहुण्यानं बाल्कनीत उभा राहून काढलेला फोटो टाकलेला असतो, आणि मेहुण्यापेक्षा कमी पडायचं नाही हा आमच्या कोल्हापूरचा नियम आहे. मी म्हणते, “बसा पावणं, बाल्कनी कुठं पळून जात नाही.” मग टेबलाच्या काचेखालचा जहाजाचा नकाशा दाखवायला घेते.

सहलींच्या धंद्यात माझी उमर गेली. आधी नवऱ्याबरोबर, तो गेल्यावर एकटीनं. काश्मीर, केरळ, दुबई, सगळीकडं माणसं नेली आणि जिवंत परत आणली. त्या सगळ्यांचं काही मी इथं सांगत बसणार नाही. पण चार बायका भेटल्या की मला विचारतात ते जहाजाचंच. तेव्हा तेवढंच सांगते.

जहाजावरच्या खोलीला केबिन म्हणतात. सगळ्यात स्वस्त ती आतली. तिला खिडकी नसते, दिवा मालवला की भर दुपारी अमावस्या. त्याच्यावर खिडकीवाली. तिची काच उघडत नाही, नुसतं बघायचं. त्याच्यावर बाल्कनीवाली, म्हणजे सरकतं दार, दोन खुर्च्या, एक टीचभर टेबल आणि कठडा. आणि सगळ्यात वर ती मोठी, पुढाऱ्यांनी घ्यायची. लोकांना वाटतं, बाल्कनी म्हटलं की सगळ्या सारख्याच. तिथंच फसतात. जहाजाच्या मधली, खालच्या मजल्यावरची घ्यावी, म्हणजे पोट ढवळत नाही. डोक्यावर पोहण्याचा तलाव असेल तर घेऊ नये, कारण पहाट झाली की तिथल्या खुर्च्या ओढायला सुरुवात होते आणि तुम्हाला वाटतं वर कुणी ट्रॅक्टर चालवतंय. काही बाल्कन्यांच्या समोर जीव वाचवायच्या होड्या टांगलेल्या असतात. संकटात त्या तुम्हाला वाचवतील, पण एरवी तुमचा समुद्र खातात. हे सगळं नकाशात दिसतं, फक्त बघणारा पाहिजे. मोबाईलवर बोट दाबलं की खोली मिळते, पण होडी कुठं आहे ते मोबाईल बोलत नाही.

आता सगळे मोबाईलवरच करतात म्हणा. माझ्याकडं येतात ते एक तर वयस्क लोक, नाहीतर मोबाईलवर फसून आलेले. वाईट वाटतं. खोटं कशाला बोलू?

रंकाळ्याकडचे एक कॉन्ट्रॅक्टर होते. देवभोळा माणूस, आवाज असा की बाहेर रस्त्यावर रिक्षावाला वळून बघेल. म्हणाले, “वैनी, पूर्वेला तोंड असल्याली बाल्कनी द्या. सकाळी सूर्याला अर्घ्य दिल्याबिगर मी च्या घेत न्हाय.” मी समजावलं की बाबा, घर एका जागी असतं, जहाज वळतं, जाताना पूर्व एका बाजूला आणि येताना दुसऱ्या बाजूला. जरा विचार करून म्हणाले, “मग कॅप्टनला सांगा की तेवढं.” मी हात जोडले आणि दिली त्यांना एक चांगली मधली खोली. जाताना सूर्य बरोबर त्यांच्या बाल्कनीत उगवला. परतीच्या सकाळी हे सोवळं नेसून, तांब्या घेऊन दार उघडतात तर समोर नुसता अंधुक उजेड, सूर्य पलीकडच्या बाजूला! गडी तसाच बोळात आला आणि समोरच्या खोलीचं दार वाजवलं. आत एक सुरतचं कुटुंब झोपलेलं. उघड्या अंगाचा, धोतर नेसलेला, हातात तांब्या घेतलेला माणूस दारात बघून त्यांची पोरगी किंचाळली. पण यांनी कारण सांगितल्यावर त्या घरातले आजोबाही आंघोळ करून शेजारी उभे राहिले. दोघांनी मिळून अर्घ्य दिलं आणि ते पाणी खालच्या बाल्कनीत फोटो काढत बसलेल्या नव्या जोडप्याच्या डोक्यावर पडलं. जहाजवाल्यांनी बोलावून घेतलं ते मला. माणसं कोल्हापूरची ना, मग जबाबदार कोण? मी.

भिशीच्या बायका नेल्या तेव्हाची तऱ्हा वेगळी. त्यांना सगळ्या बाल्कन्या ओळीनं पाहिजेत. काही जहाजांवर दोन बाल्कन्यांमधली फळी उघडून मिळते, मागितलं की तिथला मुलगा येऊन उघडून देतो. ह्यांनी सगळ्या फळ्या उघडायला लावल्या, एक लांबलचक अंगण केलं, आणि त्या अंगणात धुतलेल्या साड्या वाळत घातल्या. वारा सुटला. एक साडी उडाली ती थेट वरच्या मजल्यावर, जिथं लोक सूटबूट घालून जेवत होते तिथं. साडीची मालकीण म्हणाली, “कुंदावैनी, जाऊन आणा की. इरकल हाय ती.” गेले. करते काय?

तर नाकाडावरच्या बाल्कनीचं.

गावभागातले एक सिमेंटचे व्यापारी. खोली घेतली मोबाईलवर आणि भांडायला आले माझ्याकडं. “वैनी, ही काय फसवणूक हाय?” म्हटलं, मी कुठं दिली? “म्हणून काय झालं, तुम्ही ह्या धंद्यात हाय न्हवं?” त्यांना मिळाली होती अगदी पुढची, जहाजाच्या नाकाडावरची, समोर तोंड असलेली बाल्कनी. ही खोली मी कुणालाच देत नसे. पुढं जहाज जास्त हलतं. चालू जहाजात समोरून असा वारा येतो की जहाजवाले बाल्कनीचं दार कुलूप लावून बंदच करून टाकतात. अंधार पडला की पडदे ओढून घ्यायला लावतात, कारण वर जहाज हाकणारे बसलेले असतात आणि तुमच्या दिव्याचा त्यांना त्रास होतो. पण व्यापाऱ्यांची तक्रार निराळीच होती. बाल्कनीच्या खाली, जहाजाच्या टोकाला, नोकरमाणसांची मोकळी जागा असते. स्वयंपाकघरातली, धोबीखान्यातली पोरं कामातून सुटली की तिथं येतात, चहा पितात, घरी फोन लावतात. “समुद्र बघाय गेलतो काय पोरांच्या बिड्या बघाय?” व्यापारी म्हणाले. मी त्यांना चहा पाजला आणि पुढच्या खेपेला मधली खोली द्यायचं कबूल केलं.

पुढं काही दिवसांनी हौसाक्का आल्या.

आजऱ्याजवळच्या एका खेड्यातल्या. काजूच्या कारखान्यात बिया फोडायचं काम, बोटं त्या टरफलाच्या तेलानं काळी पडलेली. खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या. मला वाटलं, ह्यांना देवदर्शनाची बस पाहिजे असेल.

“ताई,” त्या म्हणाल्या, “जहाजातली काम करणारी पोरं दिसत्यात, अशी खोली आसती काय?”

इतक्या वर्षांत कुणी असा प्रश्न विचारला नव्हता. मी म्हटलं, “हौसाक्का, लोक समुद्र बघायला जातात.”

“मला समुद्र काय करायचाय? माझा पोरगा हाय तिथं.”

पोरगा धनाजी. जहाजाच्या किचनमध्ये मोठी भांडी घासायला. बापाचा, म्हणजे आबांचा, त्याच्या जाण्याला विरोध होता. निघताना दोघांचं चांगलंच वाजलं. आणि तो समुद्रावर असतानाच आबा गेले. अग्नी पुतण्यानं दिला. धनाजीला कळलं ते सगळं होऊन गेल्यावर. तेव्हापासून पोरगं घरी आलं नव्हतं. जहाज मुंबईला लागायचं, करार संपला की हा मुंबईतच मित्राच्या खोलीवर राहायचा आणि पुढचा करार धरायचा. फोनवर आईशी बोलायचा, पण आबांचं नाव निघालं की नेट गेलं म्हणून बंद.

“आबा रागात गेलं, आसं त्याच्या डोस्क्यात बसलंय,” हौसाक्का म्हणाल्या. “आबा शेवटाला काय बोलून गेलं ते त्यानं ऐकूनच घेतलं न्हाय. फोन बंद करतोय. तोंडापुढं हुबी ऱ्हायली तर कुठं जाईल?”

“मग मी कंपनीला सांगून भेट घडवते की. परवानगी मिळते,” मी म्हटलं.

“त्यो म्हणतोय, मिळत न्हाय.”

मिळते हे मला ठाऊक होतं. म्हणजे पोरगं टाळत होतं. पण हे आईला कसं सांगायचं? मी घोटाळत बसले, तर त्याच म्हणाल्या, “टाळतोय ते मला कळतंय की ओ. म्हणून तर सांगू नगा त्याला. कळलं तर जहाज बदलंल त्यो. मला त्याला घरी आणायचा हाय, ताई. एवढंच हाय माझं.”

माझ्या डोक्यात सिमेंटवाले आले.

कंपनीतल्या मुलीनं फोनवर मला दोनदा विचारलं, “मॅडम, नक्की पुढचीच? तुम्हीच तर म्हणता ती देऊ नका.” म्हटलं, नक्की. एका खोलीत दोघींची सोय, आणि त्याच सफरीला माझा ग्रुप होता, म्हणून दुसरी मीच राहिले. माझा ग्रुप मजेत जहाजाच्या मध्यावर, आणि मी पहिल्यांदाच त्या नाकाडावर. हलायला लागल्यावर समजलं, मी लोकांना ही खोली का देत नव्हते ते.

मुंबई सोडली आणि दार बंद झालं. हौसाक्का खुर्ची काचेला लावून बसल्या त्या बसल्याच. जेवायला यायला तयार नाहीत. मी ताटात वाढून आणलं. भाजी बघून त्यांनी विचारलं, “ही त्याच्याच भांड्यात शिजली आसंल, न्हवं?” म्हटलं, असेल. मग सगळं ताट पुसून खाल्लं.

खाली पोरं यायची, जायची. सगळ्यांच्या अंगात पांढरे सदरे, डोक्यावर टोप्या. वरून सगळी एकसारखी. हौसाक्कांचा चेहरा उतरत चालला. “ताई, पोटचं पोरगं मला वळखू ईना झालंय की.” मी धीर देत होते, पण मलाही वाटायला लागलं की हा उद्योग फसणार. जहाजावर एवढी माणसं, त्याला दुसरीकडं कुठं तरी बसायची सवय असली तर?

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना तीन-चार पोरं बाहेर आली. बाकीची कठड्याला टेकली. एक जण भिंतीशी जाऊन उकिडवा बसला आणि चहाचा कप दोन्ही हातांत धरला.

“त्यो बघा!” हौसाक्का ताडकन उठल्या. “बाप बी आसाच बसायचा, डेरीला दूध घालून आला की!”

त्यांनी काचेवर थापा मारायला सुरुवात केली. दार बंद, बाहेर वारा नुसता घोंघावतोय. खालून कोण ऐकणार? मी फोन करून विचारलं, दार उघडता का? नाही म्हणाले, वारा थांबल्याशिवाय नाही. पोरानं चहा संपवला, कप उपडा केला आणि आत निघून गेला. हौसाक्का काचेला कपाळ लावून रडल्या. मला त्या दाराचा असा राग आला की सांगता सोय नाही. माझं अर्धं आयुष्य बाल्कनी विकण्यात गेलं, आणि पाहिजे तेव्हा ते दार उघडता येईना! मी म्हटलं, “हौसाक्का, उद्या जहाज उभं राहणार आहे. वारा कमी होईल, दार उघडेल. उद्या बघू.” झोप मात्र दोघींना आली नाही.

तिसऱ्या दिवशी लक्षद्वीप. तिथं मोठं जहाज बेटाला लागत नाही, लांब नांगर टाकून उभं राहतं आणि लोकांना लहान होड्यांतून नेतात. माझ्या ग्रुपबरोबर जाणं हे माझं काम. मी त्यांना जहाजावरच्या गाईडच्या स्वाधीन केलं. “वैनी, तुम्ही न्हाय?” म्हणून तोंडं वाकडी केली त्यांनी. करू देत. त्या दिवशी माझं काम दुसरीकडं होतं.

दार उघडलं. वारा पडलेला, पाणी संथ. हौसाक्का कठड्याला धरून उभ्या. जेवणाची वेळ उलटली, पोरं बाहेर आली, आणि धनाजी आला. तसाच भिंतीशी बसला.

हौसाक्कांनी दोन्ही तळवे तोंडाशी धरले आणि हाळी दिली. शहरातल्या वाचकांना सांगते, आमच्याकडं शेतातल्या माणसाला बांधावरून बोलवायचं तर हाळी देतात. नाव घ्यायचं आणि शेवटचं अक्षर छातीत असेल तेवढ्या श्वासानं ताणायचं. मोबाईल आल्यापासून मी ती ऐकली नव्हती.

“धनाऽऽऽ!”

आजूबाजूच्या बाल्कन्यांतून डोकी बाहेर आली. खाली पोरं वर बघायला लागली. धनाजी उठून उभा राहिला. हातातला कप तसाच. आईला बघितलं, ओळखलं, आणि वळून दाराकडं चालायला लागला.

मी कठड्यावरून खाली वाकले.

“जातोस कुठं?” हौसाक्का ओरडल्या. “भवतीनं पाणीच हाय की आता!”

तो थांबला. “आई, आत जा!”

“न्हाय जात!”

“लोक बघाय लागल्यात!”

“बघू देत! मी काय चोरी केलिया?”

शेजारच्या बाल्कनीतल्या बाईंनी मला हिंदीत विचारलं, भांडण चाललंय का? मी म्हटलं, नाही हो, आमच्याकडं ख्यालीखुशाली अशीच विचारतात.

“वाळलास किती रं!” हौसाक्का म्हणाल्या. “खातोस काय न्हाय?”

त्यानं मान खाली घातली. बाकीच्या पोरांना भाषा कळत नसली तरी आई कळत होतीच. मग धनाजीनं मान वर केली आणि विचारलं. ओरडूनच विचारावं लागलं त्याला, एवढी गोष्ट.

“आबांनी माझं नाव काढलतं काय?”

हौसाक्कांनी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“काढलतं!” त्या म्हणाल्या. “लई येळा काढलं. धनाला आत्ता कळवू नगा म्हणालं! पोरगं पाण्यावर हाय, जवळ कोण न्हाय त्याचं, एकटंच रडत बसंल म्हणालं! जहाज कडंला लागलं की मग सांगा म्हणालं! त्येंनीच सांगितलतं, धना! राग आसता तर आसं बोललं आसतं काय?”

धनाजी ऐकत उभा होता. मग होता तिथंच खाली बसला. डोक्यावरची टोपी काढली आणि त्यात तोंड खुपसलं. एका पोरानं त्याच्या हातातला कप काढून घेतला, दुसरा त्याच्या शेजारी जाऊन बसला.

“मामाची टॉवेल-टोपी तशीच हाय घरात!” हौसाक्का सांगत होत्या. बाप गेला की मुलाला मामा नवा टॉवेल आणि टोपी देतो, ती घातली की घराचा दुखवटा सुटतो. “समद्यांनी घातली, तुझी ऱ्हायलिया! तू घातल्याबिगर माझ्या घराचं सुतक फिटत न्हाय! येणार हाईस का न्हाय ते सांग!”

खालून तो काहीतरी बोलला. आम्हाला ऐकूच आलं नाही.

“मोठ्यानं सांग! ऐकू ईना!”

“येतो!”

“कवा?”

तो उठला. तोंड पुसलं, आणि आईवर खेकसला, असा की ते उभं जहाज ऐकत राहिलं. “ह्या खेपंला सुटलो की येतो म्हणालोऽऽ न्हवं! कितींदा सांगू?”

“मग झालं तर!” हौसाक्का तितक्याच जोरानं म्हणाल्या. “जा आता कामाला! साहेब बोलतील!”

तो गेला. दारातून एकदा वळून बघितलं त्यानं. मी डोळे पुसत होते, शेजारच्या बाईही पुसत होत्या. त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. हौसाक्का मात्र कोरड्या डोळ्यांनी आत गेल्या, पलंगावर बसल्या आणि पायातल्या चपला काढल्या.

“ताई, दार लावा जरा. वारं लागतंय.”

मी म्हटलं, “अहो, आता तरी समुद्र बघा. किती शांत आहे.”

“बघंन की उद्या,” त्या म्हणाल्या. “आता मला झोप आलिया.”

आणि तोंडावर पदर ओढून, लख्ख उजेडात, घोरायला लागल्या.